अमेरिकेत पॅरालीगलची पदवी घ्यायची का? निर्णयाआधी करायची तयारी

कायद्याच्या क्षेत्रात काम करायचं आहे, पण पदवीची चार वर्षं आणि वर लॉ स्कूलची तीन वर्षं, त्यांच्या कर्जासकट, नको आहेत. असा विचार करणाऱ्याला अमेरिकी कॉलेजांच्या यादीत एक पर्याय हमखास भेटतो: पॅरालीगल स्टडीज किंवा लीगल सपोर्ट सर्व्हिसेस या विषयातली चार वर्षांची बॅचलर्स पदवी. पॅरालीगल म्हणजे वकिलाच्या जबाबदारीखाली कायद्याचं काम करणारा सहायक. माहितीपत्रकं सुंदर असतात, प्रवेश सल्लागार फोनवर गोड बोलतात, आणि फीचा आकडा कळेपर्यंत मन तयार झालेलं असतं. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी काम समजून घ्यायचं, मग तुमच्या भागात ते काम देणारे कोणती पात्रता मागतात ते बघायचं, मग तिथे पोचायचा स्वस्त रस्ता आहे का ते तपासायचं, आणि कॉलेज सगळ्यात शेवटी.

हा लेख अमेरिकेपुरता आहे. वय अठरा असो की चाळीस, हातात भारतातली पदवी असो की नसो, पायऱ्या त्याच राहतात. फक्त काहींना मधली एखादी पायरी गाळता येते.

पहिली पायरी: नावांचा गुंता सोडवा

अमेरिकेचं राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्र प्रत्येक अभ्यासक्रमाला एक सांकेतांक देतं. त्यातला 22.03 हा गट लीगल सपोर्ट सर्व्हिसेसचा. त्याच्या पोटात वेगवेगळे व्यवसाय आहेत: 22.0301 म्हणजे लीगल सेक्रेटरी, 22.0302 म्हणजे पॅरालीगल, 22.0303 म्हणजे कोर्ट रिपोर्टर. कॉलेजला हा सांकेतांक थेट विचारा. एका प्रश्नात अभ्यासक्रमाची खरी जात कळते.

यातलं कोर्ट रिपोर्टिंग हे पूर्ण वेगळं कौशल्य आहे. स्टेनो मशीनवर बोलणं टिपणाऱ्यांची राष्ट्रीय पातळीवरची आरपीआर परीक्षा मिनिटाला 225 शब्दांपर्यंतचा वेग आणि 95 टक्के अचूकता मागते. तिथे बोटांचा सराव हीच पदवी. कोर्टात दुभाष्याचं काम करायची इच्छा असेल, तर संघराज्य न्यायालयांची प्रमाणपत्र परीक्षा सध्या फक्त स्पॅनिशसाठी आहे. मराठी, हिंदी किंवा गुजरातीसाठी न्यायालयं वेगळ्या निकषांवर माणसं निवडतात. या दोन वाटा इथेच बाजूला ठेवतो. पुढचं सगळं पॅरालीगलबद्दल.

आणखी एक जोडी सारखी गोंधळात टाकते. ‘लीगल स्टडीज’ ही बहुधा कायदा, समाज आणि इतिहास यांचा विचार करायला शिकवणारी उदार शिक्षणाची पदवी असते. ‘पॅरालीगल स्टडीज’ ऑफिसातलं काम शिकवते. पहिली घेऊन नोकरीला गेलात आणि समोरच्याने विचारलं, “डिस्कव्हरीचं उत्तर कधी तयार केलंय का?” तर सांगायला काही नसेल. (डिस्कव्हरी म्हणजे खटल्याआधी दोन्ही बाजूंनी एकमेकांकडून माहिती आणि कागद मागवणं.)

दुसरी पायरी: काम हाताच्या अंतरावरून बघा

चित्रपटातलं कोर्ट विसरा. पॅरालीगलचा दिवस कागद, तारखा आणि माणसं यांत जातो.

तारखेचंच एक उदाहरण घेऊ. संघराज्य न्यायालयातल्या दिवाणी दाव्यात समोरच्या पक्षाने लेखी प्रश्नावली पाठवली. संघराज्य दिवाणी प्रक्रिया नियमांतला नियम 33 सांगतो की उत्तरं 30 दिवसांत द्यायची. प्रश्नावली 3 मार्च 2025 ला टपालाने रवाना झाली असं धरू. तीस दिवस मोजले की 2 एप्रिल येतो. टपालाने बजावणी झाली तर नियम 6 तीन दिवस वाढवून देतो, म्हणजे 5 एप्रिल. पण त्या दिवशी शनिवार आहे. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सरकारी सुट्टीचा आला तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर सरकते, म्हणून खरी तारीख 7 एप्रिल, सोमवार. आता हेच एखाद्या राज्य न्यायालयात असेल तर नियम वेगळे आणि दिवसही वेगळे. शिवाय प्रश्न 25 पेक्षा जास्त आहेत का, तेही बघायचं, कारण न्यायालयाची परवानगी किंवा दोन्ही बाजूंची संमती नसेल तर तेवढीच मर्यादा आहे. हा हिशेब कॅलेंडरवर चढवणारा माणूस पॅरालीगल. तारीख चुकली तर अशिलाचा दावा अडचणीत येतो आणि वकिलाला जबाब द्यावा लागतो.

दुसरं काम, कागद दाखल करण्याआधी खाजगी माहिती झाकणं. नियम 5.2 नुसार सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे दिसू द्यायचे, जन्मतारखेतलं फक्त वर्ष, अल्पवयीन मुलाच्या नावाची फक्त आद्याक्षरं, बँक खात्याचे शेवटचे चार आकडे. चारशे पानांचा वैद्यकीय अहवाल समोर आहे आणि प्रत्येक पान याच नजरेने वाचायचं आहे. काळा पट्टा नुसता वरून ओढला आणि खालची अक्षरं कॉपी करता आली, तर झाकलं असं म्हणता येत नाही.

याशिवाय साक्षीदारांशी वेळ ठरवणं, कागदांना अनुक्रमांक घालणं, दाव्याचा कालक्रम लिहिणं, मसुदे करणं, ई-फायलिंग, आणि घाबरलेल्या अशिलाचा फोन शांतपणे ऐकणं. ज्याला अशा बारकाव्यात समाधान मिळतं त्याच्यासाठी हे काम फार चांगलं आहे. ज्याला युक्तिवाद करायची ओढ आहे त्याची इथे घुसमट होते, आणि ते आधी ओळखलेलं बरं.

काम बघायला पैसे लागत नाहीत. अमेरिकेतली बहुतेक न्यायालयीन कामकाजं लोकांना खुली असतात. एक सकाळ काउंटी न्यायालयात मागच्या बाकावर बसा. संघराज्य न्यायालयांची कागदपत्रं ‘पेसर’ या सरकारी संकेतस्थळावर वाचता येतात. पानाला 10 सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त 3 डॉलर, आणि तिमाहीचं बिल 30 डॉलरच्या आत राहिलं तर ते माफच होतं. एखादा साधा नोकरीविषयक किंवा कराराचा दावा निवडा आणि त्याची डॉकेट, म्हणजे दाव्यातल्या नोंदींची यादी, पहिल्या नोंदीपासून शेवटपर्यंत वाचा. ती वाचताना कंटाळा आला की उत्सुकता वाढली, याकडे लक्ष ठेवा.

तिसरी पायरी: काय करता येणार नाही ते मान्य करा

पॅरालीगल वकिलाच्या जबाबदारीखाली काम करतो. स्वतंत्रपणे कायदेशीर सल्ला देणं, फी ठरवणं, अशील स्वीकारणं, न्यायालयात बाजू मांडणं हे त्याला सर्वसाधारणपणे चालत नाही. परवान्याशिवाय वकिली करणं हा जवळपास सगळीकडे गुन्हा आहे. “काकू, तुम्ही लॉ फर्ममध्ये आहात ना, माझ्या घरमालकाला काय उत्तर देऊ?” असं ओळखीतलं कोणी विचारलं तरी “ते वकिलालाच विचार” असंच सांगावं लागतं.

या भिंतीला काही ठिकाणी आता दारं पडली आहेत आणि ती जाणून घेण्यासारखी आहेत. युटामध्ये लायसन्स्ड पॅरालीगल प्रॅक्टिशनर आहेत, ॲरिझोनात 2021 पासून लीगल पॅराप्रोफेशनल, ओरेगनमध्ये 2024 पासून परवानाधारक पॅरालीगल. कौटुंबिक दावे, घरमालक-भाडेकरू वाद अशा ठरावीक विषयांत ते स्वतः अशील घेऊ शकतात. वॉशिंग्टन राज्याने 2012 मध्ये अशी वाट सर्वांत आधी उघडली होती, पण 2020 मध्ये ती नव्या लोकांसाठी बंद करायचं ठरवलं. तेव्हा या परवान्यांच्या भरवशावर चार वर्षांचा बेत आखू नका. तुमच्या राज्यात तशी सोय असेल तर मात्र तिच्या शिक्षणाच्या अटी आत्ताच वाचून ठेवा.

स्थलांतर कायद्यात तर देशभर लागू असलेली एक सोय आहे. न्याय खात्याने मान्यता दिलेल्या ना-नफा संस्थेत काम करणारी, वकील नसलेली व्यक्ती ‘अक्रेडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह’ होऊन स्थलांतरितांची बाजू मांडू शकते. अंशतः मान्यता असेल तर होमलँड सिक्युरिटी खात्यापुढे, पूर्ण मान्यता असेल तर इमिग्रेशन न्यायालयातही. व्हिसाच्या कागदांची धास्ती ज्याने स्वतः अनुभवली आहे आणि ज्याला दोन-तीन भाषा येतात, त्याला या कामात मोल आहे. मला स्वतःला ही वाट सगळ्यात अर्थपूर्ण वाटते, आणि तिच्यासाठी पॅरालीगलचीच पदवी हवी असं बंधन नाही.

चौथी पायरी: बॅचलर्स खरंच लागते का?

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या मते पॅरालीगलसाठी नेहमीची प्रवेश पात्रता दोन वर्षांची असोसिएट पदवी आहे. संघराज्याचे वेतन नियमही हेच गृहीत धरतात. पॅरालीगल सहसा ओव्हरटाइममधून वगळलेल्या ‘विद्वान व्यावसायिकां’त मोडत नाहीत, कारण या क्षेत्रात शिरायला प्रगत विशेष पदवी ही अट नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. त्याचा एक फायदा असा की आठवड्याला 40 तासांपुढच्या कामाला बहुतेक पॅरालीगलना दीडपट दराने पैसे मिळायला हवेत. नोकरीचा प्रस्ताव वाचताना हे विसरू नका.

कायद्याने अट नाही, पण बाजार वेगळं मागू शकतो. मोठ्या शहरांतल्या मोठ्या फर्म आणि कंपन्यांचे कायदा विभाग बऱ्याचदा चार वर्षांची पदवी मागतात, आणि ती कोणत्याही विषयातली चालते. संघराज्य सरकारमध्ये पॅरालीगल स्पेशालिस्टची 0950 ही श्रेणी आहे. तिथे चार वर्षांची पदवी असेल तर अनुभवाशिवायही जीएस-5 या सरकारी वेतनपातळीवर अर्ज करता येतो. म्हणजे बॅचलर्सला किंमत आहे. ‘पॅरालीगल स्टडीज’ या नावाची बॅचलर्सच हवी का, हा खरा प्रश्न आहे.

हातात आधीच कुठलीही पदवी असेल, समजा पुण्याची बी.कॉम. किंवा बी.ए., तर माझं मत ठाम आहे: दुसरी बॅचलर्स घेऊ नका. नॅसेस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्या. तीन वर्षांची भारतीय पदवी अमेरिकी बॅचलर्सच्या बरोबरीची धरतात की नाही, हे संस्थेगणिक बदलतं, म्हणून कॉलेजला कोणाचं मूल्यांकन चालतं ते आधी विचारा. मग पदवीनंतरचं पॅरालीगल सर्टिफिकेट घ्या. ते साधारण वर्षभरात आटोपतं. भारतातली एलएल.बी. असेल तर एक वेगळी वाटही बघा. न्यूयॉर्कच्या नियम 520.6 मध्ये परदेशात कायदा शिकलेल्यांना अटी पूर्ण करून बार परीक्षेला, म्हणजे वकिलीच्या परवाना परीक्षेला, बसता येतं, आणि अनेकांसाठी त्यातला भाग म्हणजे अमेरिकेतलं 24 क्रेडिटचं एलएल.एम.

हायस्कूल संपवून निघालेल्यासाठी माझी पहिली पसंती अशी: कम्युनिटी कॉलेजमधून पॅरालीगलची असोसिएट पदवी घ्यायची, नोकरी धरायची, आणि उरलेली दोन वर्षं नंतर, जमल्यास कंपनीच्या मदतीने, पुरी करायची. इथे एक अडसर येतो. व्यवसायाभिमुख असोसिएट पदवीतले कायद्याचे क्रेडिट चार वर्षांच्या कॉलेजात नेहमीच धरले जात नाहीत. दोन कॉलेजांत लेखी हस्तांतर करार आहे का, आणि त्यात कोणता विषय कशाच्या जागी धरला जातो, हे पहिल्या सत्राआधी कागदावर मागा. “हो, हो, सगळं ट्रान्सफर होतं” हे फोनवरचं वाक्य कोणाच्याही कामाचं नाही.

मग सरळ चार वर्षांची पॅरालीगल पदवी कोणी घ्यावी? ज्याला हेच काम करायचं आहे हे पक्कं आहे, ज्याच्या भागातल्या जाहिराती बॅचलर्स मागतात, आणि ज्याच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठात ती स्थानिक फीमध्ये मिळते. तिन्ही जुळलं तर बिनधास्त घ्या. चार वर्षांत लेखन, संशोधन आणि एखाद्या शाखेतलं खोल ज्ञान यांना जो अवकाश मिळतो, तो वर्षभराच्या सर्टिफिकेटात मिळत नाही.

राज्याचे नियमही पाहा. कॅलिफोर्नियात ‘पॅरालीगल’ हे बिरुद लावायलाच कायद्याने पात्रता लागते. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम 6450 मध्ये अनेक पर्याय दिले आहेत: अमेरिकन बार असोसिएशनने (वकिलांची राष्ट्रीय संघटना) मान्य केलेल्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र, किंवा मान्यताप्राप्त संस्थेत कायद्याशी संबंधित किमान 24 सेमिस्टर युनिटांचा अभ्यासक्रम, किंवा कोणत्याही विषयातली बॅचलर्स आणि वकिलाच्या हाताखाली एक वर्षाचा अनुभव. शिवाय दर दोन वर्षांनी नीतिनियमांचं 4 तासांचं आणि कायद्याचं 4 तासांचं शिक्षण सक्तीचं.

पाचवी पायरी: जाहिराती वाचा, पण पद्धतशीर

तुम्ही जिथे खरोखर राहणार आहात त्या परिसरातल्या तीस-चाळीस जाहिराती गोळा करा. लॉ फर्म, विमा कंपन्या, बँका, रुग्णालयं, जिल्हा सरकारी वकिलाचं कार्यालय, लीगल एड (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था), आणि सरकारी जागांसाठी यूएसएजॉब्स हे संकेतस्थळ. एका तक्त्यात पाच गोष्टी लिहा: किमान शिक्षण, विषयाची अट, अनुभव, सॉफ्टवेअर, पगार. “बॅचलर्स आवश्यक” आणि “बॅचलर्स असल्यास प्राधान्य” हे वेगवेगळे रकाने ठेवा. “पॅरालीगल सर्टिफिकेट हवं” असं किती ठिकाणी म्हटलंय तेही मोजा. हा तक्ता कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा खरं बोलतो.

पगाराचा अंदाज यावा म्हणून: मे 2024 च्या सरकारी आकडेवारीत पॅरालीगलचं मध्यक वार्षिक वेतन सुमारे 61,000 डॉलर होतं. वकिलांचं त्याच वेळी दीड लाखाच्या किंचित वर. शहर, शाखा आणि फर्मचा आकार यांनुसार फरक मोठा पडतो. येत्या दशकात या क्षेत्रातल्या एकूण जागा फारशा वाढणार नाहीत असा त्याच विभागाचा अंदाज आहे. भरती होत राहील, पण मुख्यतः सोडून जाणाऱ्यांच्या जागी.

याला लागून तंत्रज्ञानाचा प्रश्न येतोच. कागद चाळणं, पहिला मसुदा, सारांश ही कामं यंत्रं करू लागली आहेत. मात्र 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात ‘माटा विरुद्ध एव्हिआंका’ या दाव्यात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल झाले आणि संबंधित वकिलांना 5,000 डॉलरचा दंड झाला. प्रत्येक दाखला मूळ जागी जाऊन तपासणारा माणूस आता जास्त हवा आहे. जो अभ्यासक्रम हे शिकवत नाही तो कालबाह्य झाला असं समजा.

सहावी पायरी: कॉलेजची छाननी

दोन मान्यता वेगळ्या असतात आणि दोन्ही तपासाव्या लागतात. पहिली, संपूर्ण संस्थेची. शिक्षण खात्याच्या डेटाबेसमध्ये ती दिसते. ही नसेल तर पुढे वाचूच नका, कारण क्रेडिट कुठे चालत नाहीत आणि सरकारी मदत मिळत नाही.

दुसरी, पॅरालीगल अभ्यासक्रमाला अमेरिकन बार असोसिएशनची मंजुरी. ती ऐच्छिक आहे, 1975 पासून दिली जाते, आणि ती नसलेले चांगले अभ्यासक्रमही आहेत. पण असेल तर किमान दर्जाची हमी मिळते: एकूण निदान 60 सेमिस्टर क्रेडिट, त्यांत 18 सामान्य शिक्षणाचे आणि 18 कायद्याच्या विशेष विषयांचे, आणि या विशेष विषयांतले किमान 9 क्रेडिट शिक्षकासमोर, थेट वर्गात किंवा थेट ऑनलाइन तासाला. त्यामुळे “पूर्णपणे आपल्या सवडीने, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंवर” आणि “बार असोसिएशनमान्य” ही दोन वाक्यं एकाच जाहिरातीत आली तर सावध व्हा. मंजूर अभ्यासक्रमांची यादी असोसिएशनच्या संकेतस्थळावर आहे, ती स्वतः बघा. ही मंजुरी अभ्यासक्रमाला असते, व्यक्तीला नसते. बार असोसिएशन कोणालाही ‘सर्टिफाइड पॅरालीगल’ करत नाही.

विषयांच्या यादीत मला हे दिसलं पाहिजे: कायदेशीर संशोधन आणि लेखन किमान दोन सत्रं, दिवाणी प्रक्रिया, पुरावा, नीतिनियम, करार, आणि ई-डिस्कव्हरीचं (ईमेल, फायली अशा डिजिटल पुराव्याच्या देवाणघेवाणीचं) प्रत्यक्ष काम. वेस्टलॉ किंवा लेक्सिस (निवाडे आणि कायदे शोधायचे डेटाबेस) विद्यार्थ्यांना वापरायला मिळतं का? शिकवणारे सध्या वकिली करतात का? इंटर्नशिप कोण शोधतं, कॉलेज की तुम्ही?

संचालकांना विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न असा: “गेल्या वर्षी पास झालेल्यांपैकी किती जण आज पॅरालीगल म्हणून काम करतात, आणि त्यातल्या दोघांशी मला बोलायला मिळेल का?” उत्तर कसं येतं यावरून बरंच समजतं.

सातवी पायरी: पैसे

जाहीर फी आणि तुमच्या खिशातून जाणारी रक्कम यांत पुष्कळ अंतर असतं. संघराज्याची विद्यार्थी मदत घेणाऱ्या कॉलेजांना नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवणं 2011 पासून सक्तीचं आहे. तो भरा आणि चार वर्षांची बेरीज करा. कॉलेज स्कोअरकार्ड या सरकारी संकेतस्थळावर त्याच अभ्यासक्रमाच्या पदवीधरांची कमाई आणि कर्ज बहुतेकदा सापडतं. आपल्यासाठी मी एकच मर्यादा सुचवेन: एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या अपेक्षित पगाराच्या निम्म्याच्या आत ठेवा. त्या वर गेलं तर रस्ता बदला.

फाफसा हा संघराज्याच्या विद्यार्थी मदतीचा अर्ज भरायला विसरू नका. नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही ठरावीक गटांना ती मदत मिळते. 2025-26 साठी पेल अनुदानाची कमाल मर्यादा 7,395 डॉलर होती. एच-4 (एच-1बीधारकाच्या जोडीदाराचा व मुलांचा व्हिसा) किंवा एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वर असलेल्यांना संघराज्याची मदत मिळत नाही, पण राज्यातल्या रहिवाशांची फी लागू होते का ते एच-4 वाल्यांनी जरूर विचारावं. पुढे सरकारी कार्यालयात, पब्लिक डिफेंडरकडे (गरीब आरोपींना सरकारने दिलेला वकील) किंवा ना-नफा लीगल एडमध्ये पूर्णवेळ काम केलं, तर 120 पात्र हप्त्यांनंतर उरलेलं संघराज्याचं कर्ज माफ करणारी योजनाही आहे.

व्हिसावर असाल तर

हे स्वतंत्र सांगायला हवं, कारण इथे चूक फार महागात पडते. एफ-1 वर ही पदवी घेतली तर साधारण 12 महिन्यांचं ओपीटी, म्हणजे त्या विषयातलं काम करायची परवानगी, मिळतं. तंत्र आणि विज्ञान शाखांना मिळणारी 24 महिन्यांची वाढ या विषयाला नाही. त्यानंतर एच-1बी हा नोकरीचा व्हिसा हवा असेल तर त्या पदाला विशिष्ट विषयातली बॅचलर्स ही नेहमीची किमान पात्रता असावी लागते, आणि चौथ्या पायरीत पाहिलं तसं, पॅरालीगलसाठी सरकारचं (कामगार सांख्यिकी विभागाचं) स्वतःचंच संदर्भ पुस्तक असोसिएट पदवी पुरे म्हणतं. म्हणून केवळ अमेरिकेत टिकायचं साधन म्हणून भारतातून ही पदवी घ्यायला येऊ नका. एच-4 वरच्या जोडीदाराला शिकता येतं, पण काम करायला वेगळी परवानगी लागते. ग्रीन कार्ड हाताशी आलेल्या किंवा ईएडी (काम करायचा परवाना) असलेल्या मराठी गृहिणीला मात्र, विशेषतः दहा-बारा वर्षांच्या खंडानंतर परतायचं असेल तर, सर्टिफिकेटची वाट खरोखर चांगली आहे. व्हिसाबद्दलचा अंतिम शब्द इमिग्रेशन वकिलाचा घ्या.

आठवी पायरी: लॉ स्कूलचा विचार मनात असेल तर

लॉ स्कूलला कोणत्याही विषयातली बॅचलर्स चालते. पॅरालीगलच्या अभ्यासामुळे जे.डी. या लॉ स्कूलच्या पदवीचं एकही वर्ष कमी होत नाही. लॉ स्कूल ग्रेड आणि एलसॅट या प्रवेश परीक्षेचे गुण बघतात, म्हणून तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थशास्त्र, गणित, ज्यात मन रमतं आणि लिहायला लागतं ते घ्या. दोन वर्षं पॅरालीगल म्हणून काम करून मग लॉ स्कूलला जाणं मात्र उत्तम, कारण तोवर आपल्याला वकिली हवी आहे की तिची कल्पना आवडते, हे स्वच्छ कळलेलं असतं.

नववी पायरी: पदवीसोबत बांधायच्या गोष्टी

तिसऱ्या वर्षाच्या आत एखादी खरी इंटर्नशिप हवीच. लहान फर्म कमी चकचकीत असते, पण तिथे पहिल्या महिन्यातच मसुदा हातात येतो. एफ-1 वर असाल तर इंटर्नशिपआधी सीपीटीची, म्हणजे शिकत असताना विषयाशी संबंधित काम करायची, मंजुरी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातून घ्या.

ऐच्छिक प्रमाणपत्रांत नाला या संघटनेची सर्टिफाइड पॅरालीगल परीक्षा 1976 पासून चालू आहे. तिचे दोन भाग आहेत: ज्ञानाचा आणि लेखन कौशल्याचा. प्रमाणपत्र दर 5 वर्षांनी 50 तासांचं शिक्षण करून टिकवावं लागतं. एनएफपीए या दुसऱ्या संघटनेच्या पेस आणि पीसीसीई अशा दोन परीक्षा आहेत. टेक्सास, फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलिना इथे राज्यपातळीवरचीही मान्यता आहे. कोणतं घ्यायचं ते तुमच्या जाहिरातींच्या तक्त्यावरून ठरवा.

पगार वाढवून मागताना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. ‘मिसूरी विरुद्ध जेन्किन्स’ या 1989 च्या निवाड्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नागरी हक्कांच्या दाव्यांत पॅरालीगलच्या तासांची भरपाई बाजारभावाने मान्य केली, आणि 2008 मध्ये ‘रिचलिन’ निवाड्यात सरकारविरुद्धच्या काही दाव्यांतही तेच म्हटलं. तुमचे तास फर्मला उत्पन्न मिळवून देतात. किती तासांचं बिल झालं याची स्वतःची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

दहावी पायरी: पहिलं सत्र चाचणी म्हणून घ्या

प्रवेश घेतलाच, तर पहिल्या सत्रात सामान्य शिक्षणाच्या विषयांसोबत कायदेशीर लेखन आणि दिवाणी प्रक्रिया यांपैकी जे नवख्या विद्यार्थ्याला घेता येईल ते घ्या. ‘कायद्याची ओळख’ हा सोपा विषय सगळ्यांनाच आवडतो, त्यावरून काही ठरत नाही. प्रक्रियेचे नियम वाचताना वेळ कसा गेला कळलं नाही, शिक्षकाने लाल केलेला मसुदा पुन्हा लिहावासा वाटला, तर पुढे चला. नाही वाटलं तर त्याच सत्रात सल्लागाराकडे जाऊन शाखा बदलण्याचा अर्ज घ्या. सामान्य शिक्षणाचे क्रेडिट त्या वेळी जवळपास कुठल्याही दुसऱ्या पदवीत धरले जातात. दोन वर्षांनी तसं होणार नाही. फी परतीच्या तारखा सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांतच संपतात, त्या कॉलेजच्या शैक्षणिक कॅलेंडरवर बघून आजच नोंदवून ठेवा.